कीबोर्डचा अडॅप्टर घेताना

शिक्षक-पालक मित्रहो, शाळेच्या कीबोर्डचा अडॅप्टर बिघडला की आपण अमरावती-अकोल्याच्या बाजारातून पिन बसेल तो आणतो. पण पिन बसली म्हणजे अडॅप्टर जमला असं नाही! वाद्यावरचं लेबल वाचा, तीन गोष्टी जुळवा.

१. व्होल्ट: अगदी तेवढेच हवेत. यामाहाच्या बऱ्याच कीबोर्डना १२, कॅसिओच्या अनेकांना ९.५ लागतात.

२. मिलिअँपिअर: तेवढे किंवा जास्त चालतात; वाद्य लागेल तेवढाच करंट घेतं. कमी असले तर अडॅप्टर तापतो.

३. पिनची खूण: मधल्या टिंबाला अधिक की उणे? गिटार पेडलला बहुधा मध्ये उणे असतं. तो अडॅप्टर कीबोर्डला लावला तर सर्किट जळू शकतं.

अडॅप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि नोंदणी क्रमांकही बघा. लेबलचा फोटो काढूनच दुकानात जा.