हृदयाची श्रमचाचणी : तत्त्व, पद्धती आणि मर्यादा

छातीत दुखते म्हणून एखादी व्यक्ती दवाखान्यात जाते. ईसीजी काढला जातो आणि तो निर्दोष येतो. तरीही डॉक्टर ‘स्ट्रेस टेस्ट’ करावयास सांगतात. असे का, हे आपण येथे समजून घेऊ.

१. तत्त्व

विश्रांतीच्या अवस्थेत हृदयाच्या स्नायूंची प्राणवायूची गरज मर्यादित असते. हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी बरीच अरुंद झाली असली, तरी ती गरज भागू शकते. जिना चढताना मात्र नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढतात. गरज वाढते, परंतु पुरवठा त्या प्रमाणात वाढत नाही. ही तफावत श्रमाच्या वेळीच प्रकट होते. म्हणून वैद्यकीय देखरेखीखाली श्रम करवून हृदयाची परीक्षा घेतली जाते.

२. पद्धती

अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांची पद्धत सर्वत्र प्रचलित आहे. तिच्यात व्यक्तीला सरकत्या पट्ट्यावर चालविले जाते. आरंभी वेग ताशी सुमारे २.७ किलोमीटर आणि चढ १० टक्के असतो. दर ३ मिनिटांनी दोन्ही वाढविले जातात. २२० मधून वय वजा केले की नाडीची अंदाजे कमाल गती मिळते. तिच्या ८५ टक्के गती गाठणे साधारणतः अपेक्षित असते. ५० वर्षांच्या व्यक्तीसाठी ही गती मिनिटाला सुमारे १४५ ठोके होते.

३. अन्वयार्थ

ईसीजीच्या आलेखातील ‘एसटी’ हा भाग १ मिलिमीटर किंवा अधिक खाली सरकून आडवा वा उतरता राहिला, तर रक्तपुरवठा अपुरा असल्याची शंका येते. व्यक्ती किती वेळ चालली, छातीत दुखले का, रक्तदाब घसरला का आणि थांबल्यावर नाडी किती लवकर उतरली, हेही तितकेच महत्त्वाचे असते.

४. मर्यादा

ही चाचणी शक्यता दर्शविते, अंतिम निर्णय देत नाही. निरोगी व्यक्तीतही दोष दिसू शकतो. त्यामुळे पुढील तपासण्या कराव्या लागतात. उलट, रोहिणीतील चरबीचा लहान थर प्रवाह अडवीत नसल्याने चाचणीत दिसत नाही. मात्र तोच थर फुटून गुठळी झाल्यास हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. म्हणून निर्दोष अहवाल हे अभयपत्र नव्हे. विश्रांती घेत असतानाही छातीत दुखू लागल्यास जुन्या अहवालावर विसंबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

स्वयंअध्ययन प्रश्न

१. विश्रांतीच्या वेळचा ईसीजी निर्दोष असूनही श्रमचाचणी का आवश्यक ठरते?
२. ‘निर्दोष अहवाल हे अभयपत्र नव्हे’, हे विधान स्पष्ट करा.