मळीचीच चाळणी

लातूरजवळच्या विलासनगरचा मांजरा कारखाना असो की नांदेडकडचा भाऊराव चव्हाण, गळीत हंगामात बघायला आलेला माणूस गव्हाणीपाशी थांबतो. बॉयलिंग हाउसमध्ये संथ फिरणाऱ्या आडव्या ढोलाकडे, म्हणजे व्हॅक्यूम फिल्टरकडे, सहसा कोणी वळत नाही. मला मात्र कारखान्यातले सगळ्यात शहाणे यंत्र तेच वाटते.

मिलमधून येणारा रस गढूळ असतो. त्यात माती, मेण, बारीक चोथा असतो. रस तापवून त्यात चुना आणि गंधकाचा वायू सोडला की मळ गुठळ्या धरतो आणि मोठ्या टाकीत तळाशी बसतो. गुऱ्हाळात भेंडीच्या चिकाने मळी काहिलीत वर येते, गुळव्या ती काढून टाकतो; इथे ती खाली बसते. वरचा नितळ रस पुढे जातो, पण तळच्या मळीत बराच रस अडकलेला असतो. ती शेतकऱ्याची साखर.

ढोलाच्या अंगावर छिद्रांचा पत्रा असतो. छिद्र साधारण अर्ध्या मिलिमीटरचे, मळीचे बहुतेक कण त्याहून कितीतरी बारीक. तरी ते अडतात, कारण मळीत चोथ्याचा बारीक भुसा, बगॅसिलो, मिसळलेला असतो. ढोलाचा खालचा भाग मळीच्या कुंडात बुडतो, आतून हवा खेचली जाते, भुशाचे तंतू छिद्रांवर आडवेतिडवे बसतात आणि त्यांवर मळीचा थर चढतो. खरे गाळण्याचे काम हा थर करतो. म्हणून सुरुवातीला ओढ हलकी ठेवतात; तेव्हाच जोर केला तर कण पत्र्यातून निसटतात. तरीही पहिला रस गढूळच येतो आणि तो परत कच्च्या रसात सोडतात.

थर कुंडाबाहेर आला की ओढ वाढते आणि वरून गरम पाणी फवारले जाते. हे पाणी बहुधा रस आटवताना निघालेल्या वाफेचे, म्हणजे उसाचेच. उसाने शिवारातले पाणी किती प्यावे हा वाद व्हायलाच हवा; एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. निदान इथे तरी उसाचे पाणी उसाच्याच कामी येते.

शेवटी पट्टी थर खरवडून काढते. हाच प्रेसमड, उसाच्या वजनाच्या तीन-चार टक्के. त्यात सेंद्रिय पदार्थ आणि स्फुरद असल्याने त्याचे खत होते. प्रयोगशाळेत मात्र त्यात उरलेली साखर तपासतात. ती दोन टक्क्यांच्या वर गेली तर भुसा कमी पडला, पाणी कमी पडले की ढोल घाईने फिरला, हे शोधावे लागते. उसाचा भाव उताऱ्यावर, म्हणजे उसातून हाती येणाऱ्या साखरेच्या प्रमाणावर, ठरतो, आणि प्रेसमडबरोबर गेलेली साखर उताऱ्यात धरली जात नाही.