फॉरमॅट मारण्याआधी

घरचा संगणक : भाग ६

"जरा स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या." संगणक दुरुस्तीच्या दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य बहुधा हेच असावं. दुकानदारही ते मारून देतो. विंडोज नव्याने टाकली की मशीन महिनाभर बरं चालतं, मग पहिले पाढे पंचावन्न. मधल्या मधे ब्राउझरमधले पासवर्ड, प्रिंटरचा ड्रायव्हर आणि 'डेस्कटॉपवरच तर होती' अशी एखादी फाइल तेवढी जाते. मागच्या भागात आपण फाइलींची दुसरी प्रत बाहेर ठेवण्याबद्दल बोललो होतो. ती ठेवली नसेल तर आधी ठेवा, मग पुढे वाचा.

संगणकाचे सगळे भाग एकदम मंदावत नाहीत. कुठला तरी एक भाग बाकीच्यांना ताटकळत ठेवतो. प्रोसेसर तर वयाने थकतही नाही. २०१६ साली तो ज्या वेगाने हिशेब करायचा, त्याच वेगाने आजही करतो. म्हणून उपाय शोधण्याआधी, कोण कोणासाठी खोळंबलंय हे बघायचं. त्यासाठी काही विकत घ्यायला लागत नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टक्केवारी. संगणक सुरू केल्या केल्या, तो सगळ्यात जास्त रखडतो तेव्हाच हे आकडे बघायचे. ओळखीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या लॅपटॉपवर सीपीयू ८ टक्के, मेमरी ६० च्या आसपास आणि डिस्क १०० टक्के, अशी स्थिती होती. म्हणजे प्रोसेसर जवळजवळ हात बांधून बसलेला आणि डिस्कपुढे रांग लागलेली. "व्हायरस असेल का हो?" असं त्यांनी विचारलं. नव्हता. आत फिरणारी हार्ड डिस्क होती, एवढंच.

या डिस्कची गंमत समजून घेण्यासारखी आहे. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क आणली, तेव्हा तिच्या चकत्या मिनिटाला १२०० फेरे घेत. १९८० मध्ये सीगेटने घरगुती संगणकात बसेल अशी ५ मेगाबाइटची डिस्क काढली, तिचे फेरे ३६००. त्याच कंपनीची ७२०० फेऱ्यांची बाराकुडा १९९२ मध्ये आली. आणि तिथेच गाडी थांबली! डेस्कटॉपमधली डिस्क आजही बहुधा ७२०० फेऱ्यांचीच असते आणि लॅपटॉपमधली तर ५४०० ची. सर्व्हरसाठी १५,००० फेऱ्यांच्या डिस्काही निघाल्या. पण त्यांची उष्णता, आवाज आणि किंमत घराला परवडणारी नव्हती. या काळात प्रोसेसरचा वेग हजारो पटींनी वाढला, डिस्कमध्ये मावणारा मजकूर तर लाखो पटींनी. चकतीचे फेरे मात्र १९८० पासून दुप्पटच झाले.

हिशेब करून बघू. ५४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी वाचणारा दांडा योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी दहा-बारा. इकडची एक, तिकडची एक अशी विखुरलेली माहिती उचलायची असेल, तर ही डिस्क सेकंदाला जेमतेम साठेक वेळा ती आणून देऊ शकते. विंडोज सुरू होताना नेमकं असंच काम असतं : हजारो छोट्या फाइली, सगळ्या विखुरलेल्या. त्यात अँटिव्हायरसची तपासणी, अपडेटची शोधाशोध आणि फाइलींची सूची बनवण्याचं काम एकाच वेळी सुरू झालं, की तुमचा चहा होतो पण डेस्कटॉप हलत नाही.

या डिस्कच्या जागी बसवता येणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतंच. तिथे दांडा सरकायचा नाही आणि फेऱ्याची वाट बघायची नाही. साधी साटा जोडणीची एसएसडीसुद्धा अशी विखुरलेली माहिती सेकंदाला हजारो वेळा उचलते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : आठ-दहा वर्षांच्या संगणकात फिरणारी डिस्क असेल, तर पहिला खर्च एसएसडीवर करावा. बाकीचे सगळे उपाय त्यानंतर.

एक पाचर मात्र आहे. डिस्क १०० टक्के दिसली म्हणजे दोष डिस्कचाच, असं नाही. रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर लिहायला लागते आणि पुन्हा वाचायला लागते. रॅम अपुरी, पण घाम डिस्कला, असा प्रकार होतो. मेमरीचा रकाना ८५-९० टक्क्यांवर ठाण मांडून असेल तर हेच चाललं आहे असं समजा. आजच्या ब्राउझरला ४ जीबी रॅम पुरत नाही. ८ जीबीवर घरचं बहुतेक काम निभतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी इथे गेलात की रॅमचे स्लॉट किती आणि त्यातले वापरात किती हेही दिसतं. एक रिकामा असेल तर काम सोपं. नवी पट्टी घेताना डीडीआर३ की डीडीआर४ हे आधी बघून जा, कारण एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. आणि विंडोज ३२ बिटची असेल, तर ४ जीबीच्या वरची रॅम घालून उपयोग शून्य.

फुकटातले दोन उपाय लगेच करण्यासारखे आहेत. टास्क मॅनेजरच्याच स्टार्टअप भागात, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते. ओळखीचा नसलेला प्रत्येक प्रोग्रॅम काही शत्रू नसतो. पण गाण्यांचं अॅप आणि व्हिडिओ कॉलची दोन अॅपं सकाळी सकाळी उठायची गरज नाही. ती डिसेबल करा. दुसरं, विंडोज ८ पासून 'शट डाउन' केल्यावर संगणक पुरता बंद होत नाही. लवकर सुरू होता यावं म्हणून गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवतो. खरी पाटी कोरी होते ती 'रीस्टार्ट'ने. कधीच रीस्टार्ट न केलेली मशीनं मी खूप पाहिली आहेत.

रजिस्ट्री साफ करणारी, 'एका क्लिकमध्ये वेग तिप्पट' म्हणणारी सॉफ्टवेअरं टाकू नका. मायक्रोसॉफ्ट स्वतः अशा रजिस्ट्री क्लीनरना पाठिंबा देत नाही. डीफ्रॅगमेंट हाताने करायचे दिवसही गेले. विंडोज ते ठरल्या वेळी आपलं आपण करते आणि एसएसडीला तर त्याची गरजच नसते.

सुरुवातीला ठीक चालणारं मशीन पंधरा-वीस मिनिटांनी मंदावत असेल आणि पंखा घोंघावत असेल, तर ते तापतंय. गादीवर लॅपटॉप ठेवून काम करणाऱ्यांनी झरोक्यात साचलेली लव एकदा बघावी. प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतः कमी करतो. तिथे एसएसडी काही करणार नाही. साफसफाई आणि प्रोसेसरवरची नवी पेस्ट करेल.

आता डिस्क बदलण्याचं काम. मुख्याध्यापकांच्या लॅपटॉपचं पाठचं झाकण निघालं, तेव्हा आत तळहाताएवढी डिस्क पत्र्याच्या चौकटीत चार स्क्रूंवर बसवलेली दिसली. डिस्क आडवी सरकवली की जोडणीतून सुटते. चौकट काढून एसएसडीला लावायची आणि उलट सरकवायची. अडीच इंची एसएसडी तशीच्या तशी त्या जागेत बसते. त्याआधी जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, एसएसडीवर करून घ्यायची. मग विंडोज, श्रीलिपी, टॅली, प्रिंटर सगळं जागच्या जागी राहतं आणि फॉरमॅटचा प्रश्नच येत नाही. जुन्या डिस्कमधून कटकट असा आवाज येत असेल तर मात्र क्लोनच्या भानगडीत न पडता आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा. काही स्वस्त, छोट्या लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डावरच डाख लावून पक्की केलेली असते. ती बदलता येत नाही, तेव्हा खरेदीआधी मॉडेल तपासा.

विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि बऱ्याच जुन्या प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. वेग आला तरी हा पेच उरतोच. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात, लिनक्सच्या भागात.

काम दुकानातून करून घेणार असाल तर 'फॉरमॅट मारा' म्हणू नका, 'एसएसडी घालून क्लोन करून द्या' म्हणा. आणि निघताना जुनी डिस्क मागून घ्या. तिच्यावर तुमचे फोटो, आधार-पॅनच्या प्रती आणि बँकेची स्टेटमेंटं अजून जशीच्या तशी आहेत. ती काउंटरवर सोडून येऊ नका.