आगोटीबरोबर वादळाचीही तयारी

मे महिना अर्ध्यावर आला, की कोकणातल्या गृहिणीला घटकाभर टेकायला उसंत नसते. पापड-सांडगे डब्यांत भरायचे, आंबोशी-आमसुले बरण्यांत घालायची, लाकूडफाटा पडवीत रचायचा, कौले परतून घ्यायची. आगोटीची ही लगबग आपल्या अंगवळणी पडलेली आहे. पण अलीकडे याच दिवसांत चक्रीवादळ नावाचा एक पाहुणा येऊ लागला आहे, आणि त्याच्यासाठीची बेगमी मात्र अजून आपल्या यादीत नाही.

वादळे सारी बंगालच्या उपसागरातली, आपल्याकडे नुसता पाऊस, अशी आपली समजूत होती. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले आणि ती समजूत वाऱ्यावर गेली. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत! (नाव बांगलादेशाने सुचवलेले. नाव किती गोड, आणि करणी पाहा!) श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत कौले-पत्रे तर उडालेच, पण नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. कौले चार दिवसांत बसवता येतात हो; पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला पाच-सात वर्षे जातात. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' आपल्या किनाऱ्याला बगल देऊन गुजरातकडे गेले, तरी जाताजाता आंबा पाडून गेलेच.

वाऱ्याचा तडाखा काही तासांचा असतो. घर चालवणाऱ्या बाईची कसोटी लागते ती नंतर. 'निसर्ग'नंतर कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वीज नाही म्हणजे नुसता अंधार नव्हे. पंप नाही, म्हणजे पाणी नाही! विहिरीत पाणी दिसते आहे, पण वर यायला तयार नाही. पंप बसवला तेव्हा आपण मोठ्या हौसेने रहाट काढून टाकला. तो असेल तर परत बसवून घ्या; नसेल तर निदान मजबूत दोर आणि कळशी हाताशी हवी. आणि वादळाची वर्दी आली, की वीज आहे तोवर टाकी, बंब, पिंप, पातेली सारे भरून ठेवा. "उद्या भरू" म्हणू नका.

वर्दी आता वेळेवर मिळते, हे मात्र कबूल करायला हवे. हवामान खाते एक-दोन दिवस आधी इशारा देते. त्यांचे रंग लक्षात ठेवा : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीला लागा, लाल म्हणजे आता हालचाल करा. नारिंगी ऐकलात, की मोबाईल चार्ज करा, बॅटरीचे सेल पाहा, आणि घरात कुणाला रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर पंधरा दिवसांच्या आणून ठेवा. रेशनकार्ड, सात-बारा, पासबुके प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. घराचे नि वाडीचे चार फोटोही काढून ठेवा. नंतर पंचनाम्याच्या वेळी "इथे माड होता" हे नुसते सांगून भागत नाही.

पुरुषमंडळींना एक खोड असते. चार दिवस सांगून पत्र्याला तार बांधून होत नाही, आणि वारा सुटला की शिडी घेऊन वर चढतात! त्या वेळी शिडी लपवून ठेवायला मागेपुढे पाहू नका. मेन स्विच आणि गॅस बंद करून खिडक्यांपासून लांब, माजघरात बसावे. मध्येच सगळे शांत झाले तर अंगणात धावू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळाने वारा उलट दिशेने येतो, आणि एका बाजूने खिळखिळे झालेले छप्पर तेव्हा जाते.

पडलेल्या तारेला हात लावू नये, पाणी उकळून प्यावे, हे आपण जाणताच. पण मोडलेल्या झावळ्यांचे ढीग उचलताना जपा. त्यांच्याखाली फुरसे, घोणस आसऱ्याला आलेले असतात. मुलांना तिथे फिरकू देऊ नका.

सगळ्यांत अवघड काम म्हणजे घर सोडणे. गावातल्या शाळेत चला असा निरोप येतो, आणि सासूबाई उंबऱ्यावर ठाण मांडतात. "मी इथे लग्न होऊन आले, इथूनच जाईन." त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नका. त्यांचा जीव बहुधा देवघरात अडकलेला असतो. संध्याकाळचा दिवा कोण लावणार, याची त्यांना काळजी. देव स्वच्छ फडक्यात बांधून त्यांच्याच हाती द्या. म्हणावे, "आई, तुम्ही यांना घेऊन पुढे व्हा, मी कुलूप लावून आलेच." मोकळ्या हातांनी बाहेर न पडणारी म्हातारी देव घेऊन निघते. आणि कुलूप लावायच्या आधी गोठ्यात जाऊन गुरांची दावी सोडा. बांधलेल्या गुराला पडत्या छपराखालून पळता येत नाही.