डोळे काढले, डोकं राहिलं

‘‘ताई, माझं काढ ना असं!’’

कॉलेज फेस्टमधला आमच्या ॲनिमे क्लबचा स्टॉल. समोर सहावी-सातवीतला एक मुलगा. अंगात नारुतोचा टी-शर्ट, हातात अर्धा खाल्लेला वडापाव. माझ्यामागे सुतळीवर चिमटे लावून टांगलेली पाच चित्रं: तांजिरो, नेझुको, गोजो, लेवी आणि लुफी. ही सगळी मीच काढलीत, असं आमच्या एका ज्युनिअरने त्याला अभिमानाने सांगितलं होतं. त्यामुळे त्याची मागणी अगदी रास्त होती. त्याला स्वतःचा चेहरा ॲनिमेत हवा होता.

मी पेन्सिल उचलली. दोन मोठे डोळे काढले. झक्कास आले. मग त्या डोळ्यांभोवती चेहरा बसवायला गेले आणि सगळा लोच्या झाला. हनुवटी एका बाजूला सरकली, एक कान भुवईपाशी तर दुसरा ओठांपाशी, कपाळ तर जवळपास नव्हतंच. उरलेल्या बोटभर जागेत केस कोंबले. पोरगं सभ्य होतं. कागद हातात घेऊन त्याने एवढंच विचारलं, ‘‘हा कोण आहे?’’

आता कबुली देते. टांगलेली पाचही चित्रं मी ट्रेस केली होती. हॉस्टेलच्या रूममध्ये दिवा बंद, खिडकीच्या काचेला चिकटवलेली प्रिंट, बाहेरून येणारा पार्किंगमधल्या फ्लडलाइटचा उजेड आणि त्यावर माझा कागद. शेडिंग तेवढं माझं. इन्स्टावर टाकली की खाली ‘यार, किती टॅलेंटेड आहेस’ असं यायचं. मी ट्रेस केलंय असं कधी लिहिलं नाही. ट्रेस केलेलं नाही, असंही कुणाला म्हटलं नव्हतं. मनाची समजूत घालायला एवढी पळवाट मला पुरत होती. त्या मुलाने एका प्रश्नात ती बंद केली.

त्यानंतर तीन महिने रोज साधारण चाळीस मिनिटं मी पहिल्यापासून शिकतेय. मी आर्टिस्ट वगैरे झालेले नाही. पण नवशिक्यांचं नेमकं कुठे अडतं, हे मात्र माझ्याच वहीत पानापानांवर दिसतं.

सुरुवात खरेदीने केली, म्हणजे अर्थातच चुकले. अप्पा बळवंत चौकात एका दुकानात महागड्या मार्करचा सेट हातात घेऊन दहा मिनिटं उभी होते. शेवटी एक एचबी आणि एक टूबी पेन्सिल, खोडरबर आणि बिनरेघांची जाड वही घेऊन निघाले. तीन महिन्यांत याहून जास्त काही लागलेलं नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत एलिमेंटरी दिली असेल. मीही दिली, बी ग्रेड. वस्तुचित्राच्या पेपरला तांब्या-पेला-कांदा असलं काहीतरी मांडलेलं असायचं आणि ड्रॉइंगच्या बाई ओरडायच्या, ‘‘आधी मधली रेघ काढा! दोन्ही बाजू सारख्या कशा येतील?’’ तेव्हा ती पुसट उभी रेघ म्हणजे निव्वळ कटकट वाटायची. ॲनिमेचा चेहरा काढायला बसले आणि पहिलीच पायरी काय निघाली? तीच रेघ. आधी हाताने एक गोल, कंपास न वापरता. त्याच्या मधोमध उभी रेघ, मग डोळ्यांसाठी आडवी. गोलाखाली जबडा जोडायचा आणि मग हनुवटी. गोजो काय आणि तांब्या काय, बाईंचा नियम दोघांनाही लागू.

बहुतेकांचा घोटाळा त्या आडव्या रेघेपाशी होतो. खऱ्या माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण अर्ध्या उंचीवर असतात. विश्वास बसत नसेल तर आरशासमोर पट्टी धरून बघा, पण केसांच्या टोकापासून नाही, कवटीच्या माथ्यापासून मोजा. आपलं लक्ष डोळे-नाक-ओठांवरच असतं, म्हणून कागदावर आपण त्यांना वर ढकलतो आणि कपाळ गिळून टाकतो. माझं फेस्टमध्ये हेच झालं होतं. ॲनिमेत तर डोळे बऱ्याचदा मध्याच्याही खाली येतात. पात्र जितकं लहान वयाचं, तितके आणखी खाली. दोन डोळ्यांच्या मध्ये साधारण एका डोळ्याएवढी जागा, कान डोळ्यांच्या रेघेपासून नाकाच्या टोकापर्यंत. एवढं सांभाळलं तरी निम्मी चित्रं सावरतात.

मग केस. कवटीला चिकटून काढलेले केस भिजल्यासारखे दिसतात. कवटीपासून वर थोडी जागा सोडायची, आणि प्रत्येक बट भोवऱ्यापासून किंवा भांगापासून निघून कुठे जाते ते ठरवायचं. गोकूचे ते काट्यासारखे केससुद्धा डोक्यातूनच उगवलेले वाटतात. माझे आधीचे सगळे केस विग होते.

मोठ्या डोळ्यांचा किस्सा सांगायलाच हवा. आजच्या ॲनिमेच्या डोळ्यांचं मूळ ओसामू तेझुकाकडे जातं. हा माणूस शिक्षणाने डॉक्टर. लहानपण ताकाराझुका गावात गेलं. तिथल्या प्रसिद्ध नाटक मंडळीत सगळ्या भूमिका बायकाच करतात आणि रंगमंचावर त्यांचे डोळे मेकअपने ठसठशीत केलेले असतात. शिवाय तेझुका डिस्नेच्या ‘बॅम्बी’चा वेडा. १९६३मध्ये त्याचा ‘ॲस्ट्रो बॉय’ टीव्हीवर आला, दर आठवड्याला एक भाग. पैसा कमी, वेळ त्याहून कमी. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात, पण तेवढी चित्रं काढणं परवडणारं नव्हतं. म्हणून एकच चित्र तीन-तीन फ्रेम धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. चेहरा स्थिर, हलतात ते डोळे आणि तोंड. सगळा अभिनय डोळ्यांवर आला, मग ते मोठे असून चालतंच!

म्हणून डोळ्यांवर वेळ घालवणं चुकीचं नाही, फक्त ते आधी काढू नयेत. वरची पापणी जाड, खालची अगदी बारीक किंवा तुटक. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली झाकलेला हवा, नाहीतर पात्र कायम दचकलेलं दिसतं. आणि डोळ्यातला तो पांढरा ठिपका म्हणजे उजेडाचं प्रतिबिंब. उजेड एकाच बाजूने येत असेल तर तो दोन्ही डोळ्यांत त्याच बाजूला हवा. मी एका डोळ्यात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे काढायचे. छान सिमेट्री येते आणि नेझुको तिरळी होते.

ॲनिमे सोपं दिसतं, कारण ते तसं मुद्दाम बनवलेलं असतं. पडद्यावरचं एक पात्र एकटा माणूस काढत नाही, स्टुडिओतले कितीतरी जण काढतात. प्रत्येकाच्या हातून ते सारखंच यावं म्हणून आधी त्याचे तक्ते तयार होतात. त्यांना जपानीत सेत्तेई म्हणतात. पात्र समोरून, बाजूने, मागून कसं दिसतं, रागावलं की भुवया कुठे जातात, सगळं त्यात असतं. म्हणजे मी जी एक फ्रेम काचेवर लावून गिरवत होते, तिच्या मागे हे सगळं माहीत असलेला हात होता. मला त्यातली फक्त बाहेरची रेघ मिळत होती. म्हणूनच माझ्या गोजोने मान वळवायची ठरवली असती तर मी संपले असते.

मान वळवणं हाच खरा पेपर आहे. चेहरा थोडा बाजूला फिरला की मधली रेघ सरळ राहत नाही, चेंडूवरच्या शिवणीसारखी वळते. पलीकडचा डोळा अरुंद होतो. पलीकडच्या गालाची कड डोळ्यापाशी आत जाते आणि पुन्हा बाहेर येते. माझ्या वहीची जवळपास वीस पानं फक्त यात गेलीत आणि त्यातले दोनच चेहरे दाखवण्यासारखे आहेत. हातांबद्दल तर विचारूच नका. आमच्या क्लबमधल्या सगळ्यांची पात्रं सध्या खिशात हात घालून उभी असतात. योगायोग नाही तो.

मग बघून काढणं वाईट का? अजिबात नाही. ‘मांगा’ हा शब्द ज्याच्या पुस्तकामुळे गाजला त्या होकुसाईने १८१४मध्ये ‘होकुसाई मांगा’चा पहिला खंड काढला, तो शिकणाऱ्यांनी बघून काढण्यासाठीच. त्यात गोष्ट नाही. पैलवान, पक्षी, लाटा, वेडीवाकडी तोंडं, पानंच्या पानं रेखाटनं. असे १५ खंड निघाले, शेवटचा तर तो गेल्यावर. फरक एवढाच की बघून काढताना हे इथेच का आहे, असा प्रश्न पडतो. काचेवर गिरवताना मला तो एकदाही पडला नव्हता. आता मी एक चित्र बघून काढते, मग मूळ चित्र झाकून तेच पात्र दुसऱ्या बाजूला वळवायचा प्रयत्न करते. आपल्याला काय समजलं नाही ते दोन मिनिटांत कळतं.

खिडकी अजून वापरते, पण उलटी. चित्र झालं की कागद पाठमोरा करून काचेवर धरायचा. पाठीमागून तेच चित्र आरशातल्यासारखं दिसतं आणि तासभर नजरेतून सुटलेला वाकडा जबडा लगेच दिसतो. फोनवर काढणाऱ्यांना फ्लिपचं बटण आहेच. आयबिसपेंट फोनवर फुकट मिळतं, लॅपटॉप असेल तर क्रिता. पण बोटाने काचेवर काढताना रेघ फार घसरते, म्हणून मी सध्या कागदावरच आहे.

रेघेचं मात्र कुठल्या ट्युटोरियलने नाही, आजीने शिकवलं. मी मनगट टेकवून बारीक बारीक तुकडे जोडत रेघ काढायचे, ती केसाळ दिसायची. सुट्टीत साताऱ्याला गेले तेव्हा ती अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालत होती. मनगट अधांतरी, अख्खा हात खांद्यापासून फिरतोय आणि एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत रेघ एका दमात. आधी ठिपके, मग रेघ. मी वही घेऊन तिच्याशेजारीच बसले.

मार्च २०२५मध्ये सगळ्यांनी आपले फोटो एआयला देऊन घिबली स्टाइल करून घेतले होते, आठवतंय ना? आमच्या फॅमिली ग्रुपवर चुलत भावाने आजीचंही केलं होतं. गोड होतं, खोटं कशाला बोलू. मलाही तेव्हा वाटलं होतं, आता कशाला कुणी हाताने काढायचं? पण आजीने फोन लांब धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘‘कोण गं ही बाई?’’ चित्रात तिच्या नाकातली चमकी नव्हती. लग्नापासून नाकात असलेली चमकी.

म्हणून यावेळी सुट्टीत मी आजीलाच काढायचं ठरवलं. आणि अडले ते नेमकं नाकापाशी. ॲनिमेत समोरून नाक म्हणजे एक ठिपका, फार तर छोटीशी सावली. आता चमकी टोचायची कशात? पहिल्या चित्रात ती गालावर तीळ वाटली. दुसऱ्यात हवेत तरंगली. तिसऱ्यात चेहरा थोडा वळवला, नाकपुडीची एक छोटी कमान दिली आणि तिच्यावर चमकी ठेवली. बसली! कपाळ जागेवर, कान जागेवर, केस डोक्यातून उगवलेले.

आजीने चष्मा लावला. चित्र हातात घेऊन खिडकीशी गेली.

‘‘ही मीच हाय की,’’ ती म्हणाली. मग स्वतःच्या नाकाला हात लावला. ‘‘पण चमकी उजवीकडं कशी आली गं? माझी डावीकडं हाय.’’

मी फोन काढून बघितला. मी जो फोटो बघून काढत होते तो आम्हा दोघींचा सेल्फी होता. उलटा सेव्ह झालेला.