बुरशीचा दाणा आणि पेशीतील दुरुस्ती



हैदराबादच्या बेगम बाजारात मिरची, मसाले व सुकामेवा यांची घाऊक दुकाने आहेत. पोत्यातला मूठभर माल नाकाशी धरावा आणि कुबट वास आला तर नको म्हणावे, ही जुनी रीत शहाणपणाची आहे. का, ते आज आपण पाहू.

ओल राहिलेल्या मिरचीवर, शेंगदाण्यावर व मक्यावर पिवळसर-हिरवी बुरशी येते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या सीमेवरील गावांत असा मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा तपास केला.

हे विष थोडे थोडे पोटात गेले तरी घातकच. आपल्या पेशींत डीएनए नावाचा दुपदरी धागा असतो. सातबाऱ्याची मूळ नोंद दप्तरात राहते आणि काम उताऱ्यावर चालते, तसे पेशीचे काम डीएनएच्या उताऱ्यावर चालते. हा उतारा म्हणजे आरएनए. यकृतात विषाचे रूप पालटते आणि ते मूळ धाग्याला चिकटते. उतारा काढणारे प्रथिन तेथे अडते. हे अडणेच उपयोगी पडते, कारण त्यावरून दुरुस्तीची प्रथिने जागा ओळखतात, बिघडलेला तुकडा कापतात आणि दुसऱ्या पदराकडे पाहून नवा भरतात.

उताऱ्याचीही निगा लागते. त्यातील नको तो भाग छाटून तो वेळेवर दूर न्यावा लागतो. रेंगाळला तर तो मूळ धाग्यालाच चिकटून बसतो आणि उघडा पडलेला पदर तुटू शकतो. म्हणून उतारा साफ करणारी व धागा सांधणारी प्रथिने एकमेकांना धरून चालतात. घाव फार झाले तर एखादी चूक कायमची राहते आणि पुढे यकृताचा कर्करोग होऊ शकतो.

ही दुरुस्ती आपल्या हाती नाही, पण घाव कमी करणे आहे. आम्ही सुचवतो:

शेंगा हलवल्यावर दाणा खुळखुळेपर्यंत वाळवाव्यात. मिरची मातीवर न टाकता ताडपत्रीवर वाळवावी. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत. सुरकुतलेले व बुरसटलेले दाणे निवडून टाकावेत, शिजवून किंवा भाजून विष पुरते जात नाही. ते गुरांनाही घालू नयेत, विष दुधात उतरते. बाळाला हिपॅटायटिस बी या काविळीची लस अवश्य द्यावी, कारण ती कावीळ आणि हे विष एकत्र आले की यकृताच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.