वऱ्हाडातून लेहपर्यंत : मोटारसायकलीच्या दूरप्रवासाचा बेत

उत्तरेची ओढ वऱ्हाडास नवी नाही. आगगाडी नव्हती त्या काळीही आमच्याकडील माणसे सातपुडा ओलांडून, नर्मदा उतरून काशीप्रयागास जात, बदरीकेदार करून येत. निघण्यापूर्वी घरच्या व्यवहाराची निरवानिरव करीत आणि मगच उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीत. यात्रेकरू सुखरूप परत येणे हीच मोठी गोष्ट असे, म्हणून तो आल्यावर मावंदे होई व सारा गाव जेवे. आज अमरावती-अकोल्याचे तरुण तोच सातपुडा ओलांडतात. मात्र वाहन मोटारसायकलीचे, आणि क्षेत्र काशी नव्हे तर लडाखातील लेह. ‘तरुण’ हा शब्द आम्ही येथे मुलगा व मुलगी या दोघांसही लावीत आहो, हे आधीच सांगून ठेवतो.

ह्या बेताची वार्ता घरात येताच बहुधा दोहोंपैकी एक प्रकार घडतो. एक तर वडीलधारी मंडळी ‘नाही’ म्हणून विषय संपवितात, आणि मग मुलगा मित्राच्या लग्नाचे निमित्त सांगून निघतो. किंवा ‘हल्लीची मुले ऐकतात कोठे?’ असे म्हणून सारे गप्प बसतात, आणि मुलगा दहा दिवसांची रजा व उसना उत्साह घेऊन पाच हजार किलोमीटरांच्या वाटेस लागतो. आमच्या मते हे दोन्ही प्रकार सारखेच घातक आहेत. मुलास अडविणे किंवा मोकळे सोडणे एवढेच घराचे काम नव्हे; त्याचा बेत नीट तपासून घेणे हे घराचे काम आहे. तो कसा तपासावा, एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

दूर जाण्यास आमचा विरोध नाही, हे सांगण्यास फार लांबचा दाखला नको. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. त्या मुलांनाही आईबाप होतेच. परंतु ती गेली ती तालीम करून, हे विसरता कामा नये.

किती लांब आणि किती उंच

अमरावतीहून परतवाडा, बैतूल, भोपाळ, ग्वाल्हेर या मार्गाने दिल्ली सुमारे अकराशे किलोमीटर पडते. अकोल्याची मंडळी अकोट-अंजनगावावरून परतवाड्यास ह्याच वाटेला येऊन मिळू शकतात. दिल्लीपासून पुढे दोन रस्ते आहेत. एक जम्मू, श्रीनगर, झोजी ला व कारगिल यांवरून, आणि दुसरा मनाली व सरचू यांवरून. दोन्ही रस्ते लेहलाच पोचतात. पण शरीराच्या दृष्टीने ते सारखे नाहीत.

अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे फूट उंचीवर आहे; अकोला त्याहून खाली. आमचे सर्वांत थंड ठिकाण जे चिखलदरा, तेही छत्तीसशे फुटांच्या आसपास. लेह शहर सुमारे ११,५०० फुटांवर वसलेले आहे, आणि मनालीच्या वाटेवरील तांगलांग ला ही खिंड सुमारे १७,५०० फूट उंच आहे. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश उरतो. तांगलांग लावर तो जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे तेथे छातीभर श्वास घेतला तरी प्राणवायू अर्धाच मिळतो.

वऱ्हाडी माणूस पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वाढलेला. उन्हाचा शत्रू त्यास ओळखू येतो, कारण झळ अंगाला लागते व तो कांदा खिशात घालून, उपरणे डोक्यास गुंडाळून बाहेर पडतो. विरळ हवेची झळ लागत नाही. आकाश निळे, हवा कोरडी, मन प्रसन्न असते. आणि रात्री डोके ठणकू लागते, अन्नावरची वासना जाते, मळमळते, झोप लागत नाही. हे उंचीच्या विकाराचे पहिले लक्षण होय. ते न मानता आणखी वर चढले तर फुप्फुसांत पाणी होते किंवा मेंदूस सूज येते, आणि मग काही तासांतही प्राण जाऊ शकतो. ह्या विकारास व्यायामी शरीराची भीड नाही. तालमीत घुमविलेले अंगही त्याच्यापुढे सुटत नाही. उलट आपल्या बळावर विसंबून घाई करणाराच आधी सापडतो.

ह्यावर वैद्यकशास्त्राचा नियम अगदी साधा आहे. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची सोळाशे फुटांहून अधिक वाढवू नये, तीनचार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, आणि लक्षणे दिसताच चढणे थांबवावे. ती वाढल्यास रात्र असो वा दिवस, खाली उतरावे. ह्यासाठी गोळ्या मिळतात, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. ज्यास दमा, हृदयविकार किंवा रक्तक्षय असेल त्याने तर बेत ठरण्यापूर्वीच तपासून घ्यावे.

दिवसांची वाटणी

म्हणूनच आम्ही जाताना श्रीनगरचा व येताना मनालीचा रस्ता सुचवितो. श्रीनगर सुमारे ५,२०० फुटांवर, कारगिल ८,८०० फुटांवर, मग लेह. अशी पायरी-पायरीने चढण होते. याउलट मनालीहून निघालेला प्रवासी घाई करील तर दुसऱ्याच रात्री सरचूस, म्हणजे सुमारे १४,००० फुटांवर, तंबूत पडतो. पुष्कळांची प्रकृती तेथेच बिघडते. ३ ऑक्टोबर १९२० नव्हे, तर अगदी अलीकडे, ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरांच्या अटल बोगद्याने रोहतांगची चढण वाचविली आहे. परंतु रस्ता सोपा झाला म्हणून शरीर सोपे होत नाही, हे ध्यानी धरावे.

आमचा हिशेब असा आहे. अमरावती ते दिल्ली तीन दिवस, तेथून जम्मूवरून श्रीनगर दोन, श्रीनगरात विश्रांतीचा एक, कारगिलवरून लेहपर्यंत दोन. वाटेत द्रास येथे १९९९ च्या युद्धातील वीरांचे स्मारक आहे. तेथे तासभर न थांबणारा प्रवासी आम्हांस रुचत नाही. लेहला पोचल्यावर दोन पूर्ण दिवस काही करावयाचे नाही. गाडी उभी ठेवावी, पाणी प्यावे, बाजारात हळूहळू फिरावे. मग चार दिवस नुब्रा व पँगाँग. त्यातही नुब्रा आधी, कारण ते खोरे लेहहून सखल आहे, आणि पँगाँगचे सरोवर १४,००० फुटांच्या आसपास आहे. परतताना सरचूवरून जिस्पापर्यंत दोन दिवस, मनालीस एक, दिल्लीस दोन आणि घरी तीन. एकूण बावीस दिवस झाले. ह्यात तीन दिवस राखीव घालावेत, कारण दरड कोसळली की रस्ता आपल्या रजेची वाट पाहत नाही. पंचवीस दिवस मिळत नसतील तर वाट आखडू नये; मोटारसायकल नागपूर किंवा भुसावळहून रेल्वेच्या पार्सलाने उत्तरेस पाठवावी. टाकी रिकामी करून, गाडी नीट बांधून द्यावी लागते, एवढेच. सपाटीवरचे दिवस वाचविता येतात. डोंगरावरचे वाचवू नयेत.

आता ऋतूचा विचार. उंच खिंडी साधारणपणे मेअखेर-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खुल्या असतात. त्यातही जुलै-ऑगस्ट हे हिमाचलात दरडींचे व पुराचे महिने. ऑगस्ट २०१० मध्ये लेहवर ढगफुटी झाली, जुलै २०२३ मध्ये बियासच्या पुराने मनालीचा रस्ता जागोजागी वाहून नेला. तेव्हा घरातील महालक्ष्म्या उठल्या की निघावे आणि दसऱ्याचे सोने घरच्यांबरोबर लुटावे, हा मेळ पुष्कळ वर्षी उत्तम बसतो. पितृपक्षात प्रस्थान ठेवण्यास आजोबा हरकत घेतील. पण त्या पंधरवड्यात घरी मंगलकार्ये नसतात आणि रजाही सुलभ मिळते, असे त्यांस नम्रपणे सुचवावे. ज्याच्या हातून श्राद्ध व्हावयाचे त्याने मात्र तिथी पाहूनच निघावे. अधिक मासामुळे सण लांबतात त्या वर्षी भिंतीवरील पंचांगापेक्षा खिंडींचे पंचांग प्रमाण मानावे.

यंत्राचा श्वास

इंजिनासही श्वास लागतो. हवा विरळ झाली की त्याचे बळ घटते. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत पेट्रोल अधिक व हवा कमी असे होऊन ती धूर ओकू लागते. नव्या इंजेक्शनच्या गाडीत हे प्रमाण आपोआप सांभाळले जाते, पण बळ तिचेही कमी होतेच. म्हणून मागे माणूस व सामान असे दोन्ही लादून खिंड चढण्याचा हट्ट नसावा.

पेट्रोलाचा हिशेब कागदावर करावा. मनालीच्या रस्त्यावर लाहौलातील तांदीपासून लेहजवळच्या कारूपर्यंत सुमारे सव्वातीनशे किलोमीटर पंपाचा भरवसा धरू नये. गाडी सपाटीवर लिटरास तीस किलोमीटर जात असेल तर घाटात पंचवीस धरावी. तेरा लिटरांच्या टाकीत सव्वातीनशे किलोमीटर होतात, म्हणजे शिल्लक शून्य. याकरिता पाच लिटरांचा धातूचा डबा घट्ट बांधून न्यावा. पंक्चर काढणे, साखळी ताणणे, क्लचची तार बदलणे ही तीन कामे ज्यास स्वतःच्या हाताने येत नाहीत त्याने अद्याप निघू नये.

कागदपत्रांविषयी एक सूचना एकत्र कुटुंबास विशेष लागू आहे. आपल्याकडे गाडी चालवितो पुतण्या आणि ती असते काकांच्या नावावर. बाहेरून भाड्याने आणलेल्या मोटारसायकलींस लडाखच्या स्थानिक व्यावसायिकांचा विरोध असल्याने तेथे मालकीची विचारपूस होते. तेव्हा काकांचे संमतिपत्र व नात्याचा पुरावा बरोबर असावा. नुब्रा-पँगाँगकडे जाण्याचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. ते लेह येथे पोचताच विचारून घ्यावेत.

मेळघाटातील तालीम

एवढे सारे कागदावर ठीक. पण कागदास घाम येत नाही. सुदैवाने आपल्या दाराशीच उत्तरेकडे अरण्य आहे. १९७३-७४ साली देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत ज्याची गणना झाली तो मेळघाट अमरावतीहून दोन तासांवर सुरू होतो. पावसाळा सरल्यावर परतवाडा, चिखलदरा, सेमाडोह, हरिसाल, धारणी असा दोन दिवसांचा फेरा करावा, आणि तो लेहला न्यावयाच्या संपूर्ण सामानानिशी करावा. रात्री जंगलात गाडी हाकू नये. ती वेळ वन्य प्राण्यांची आहे. सिपनेच्या काठी पोचेपर्यंतच कळते की बॅग डावीकडे कलते, कंबर भरून येते, आणि ज्या मित्रासोबत तीन आठवडे काढावयाचे तो दुपारी उपाशी राहिला की चिडतो. ही ज्ञाने सेमाडोहला फुकट मिळतात, सरचूला महाग पडतात.

ह्या तालमीचा दुसरा लाभ घरास होतो, आणि आम्ही त्यास अधिक महत्त्व देतो. मेळघाटात पुष्कळ ठिकाणी दूरध्वनीचा संपर्क तुटतो. मुलगा सायंकाळपर्यंत बोलला नाही म्हणजे घरात काय होते, हे त्या दोन दिवसांत समजते. आई देवापुढे बसते, वडील उगाच रागावतात, आजी जेवत नाही. लडाखात अशी मौने वारंवार येणार. म्हणून आधीच ठरवावे : मुक्कामांची यादी घरातील एकाच व्यक्तीजवळ असेल, संपर्क मिळेल तेथून रोज एक निरोप येईल, चोवीस तासांचे मौन हा रस्त्याचा दोष मानावा, अठ्ठेचाळीस तास उलटले तर त्या व्यक्तीने मागच्या मुक्कामी व पोलिसांकडे चौकशी करावी. बरोबर पोस्टपेड जोडणीचा फोन असावा, कारण बाहेरच्या प्रांतांतील प्रीपेड जोडणीचा तिकडे भरवसा नसतो. वाट पाहणे हेही एक कर्म आहे. त्यासही शिस्त लागते.

परत फिरण्याची संमती

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली, घरचे कर्ज फिटावे म्हणून, उत्तरेतील एका मोठ्या यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने निघाले आणि बंडाच्या ऐन धुमश्चक्रीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. ठरविलेला बेत पार मोडला. पण तो मोडला म्हणून ते हटून बसले नाहीत. वाट बदलीत, लपत, थांबत ते अखेर आईबापांसाठी गंगोदकाची कावड घेऊन घरी आले. दक्षिणा राहिली नाही. माणूस राहिला, आणि त्याने लिहून ठेवलेली हकीकत १९०७ साली प्रसिद्ध होऊन महाराष्ट्रास मिळाली.

आमच्या आजच्या तरुणास परत फिरणे अवघड जाते, आणि त्याचे कारण डोंगरात नसून घरी असते. ‘झेपत नव्हते तर गेलास कशाला?’ हा प्रश्न दारात उभा आहे हे ठाऊक असल्यामुळे तो ठणकत्या डोक्यानिशी आणखी एक खिंड चढतो. खारदुंग लाच्या पाटीवर कित्येक वर्षे १८,३८० फूट असा आकडा होता. प्रत्यक्ष मोजणीत ती खिंड सुमारे १७,५८२ फूट भरते. ज्या पाटीजवळ उभे राहून छायाचित्र घेण्यासाठी लोक जीव टांगणीस लावीत आले, तिचा आकडाही असा कच्चा.

यास्तव वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी असा बेत घेऊन आली तर ओसरीवर सर्वांनी बसावे, नकाशा पसरावा आणि तीन प्रश्न विचारावेत. झोपण्याच्या प्रत्येक जागेची उंची किती? राखीव दिवस किती? आणि कोणती लक्षणे दिसली असता परत फिरणार? ह्या तिहींची उत्तरे नीट मिळाली तर संमती द्यावी, आणि ती देताना एवढे अवश्य म्हणावे, “अर्ध्या वाटेवरून आलास तरी मावंदे पूर्णच घालू.” हे वाक्य बरोबर असलेला प्रवासी बहुधा लेहलाही पोचतो आणि घरीही.